एक पद, तीन ध्वनिमुद्रणं: 'तेजोनिधी लोहगोल' ताडून ऐकण्याची कृती

वही उघडा, फोन चार्जिंगला लावा. आवडतं गाणं दोन-तीन आवाजांत ऐकलं की आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो: 'जुन्याची सर नाही!' किंवा 'नवंच भारी!' आज तसं करायचं नाही. आज एक पद तीन प्रकारे ऐकायचं, एका वेळी एकच जागा पकडायची आणि निकाल अगदी शेवटी लिहायचा.

पद घेऊ या 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ सालच्या नाटकातलं 'तेजोनिधी लोहगोल'. शब्द नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, चाल पं. जितेंद्र अभिषेकींची, राग ललत पंचम आणि गळा मूर्तिजापूरला जन्मलेल्या, नागपुरात वाढलेल्या डॉ. वसंतराव देशपांडे यांचा. म्हणजे वर्ध्यात बसून ऐकायला हे अगदी आपल्या अंगणातलं पद आहे. शिवाय पद सूर्याचं आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी कानाला एकच प्रश्न विचारायचा: या गाण्यात सूर्य कसा उगवतो?

साहित्य

• पदाची तीन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं
• वायरचा एक हेडफोन
• वही, पेन्सिल, खोडरबर, पट्टी
• फोनमध्ये तानपुऱ्याचं कोणतंही ॲप
• तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं मदतीला घरातलं एक माणूस
• वेळ: तीन दिवस, रोज साधारण पाऊण तास

पूर्वतयारी

१. तीन ध्वनिमुद्रणं निवडा. पहिलं वसंतरावांच्या आवाजातलं. दुसरं २०१५ च्या 'कट्यार' चित्रपटातलं, त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी गायलेलं. तिसरं दोघांपैकी कोणाचंही मैफलीतलं. सांभाळा: हौसेनं सात-आठ गोळा करू नका. तिनाच्या पुढे गेलात की कोणती हरकत कोणाची, याचा गोंधळ होतो.

२. प्रत्येकाची ओळख तपासा. गायक कोण, नाटक की चित्रपट की मैफल, साल कोणतं, एवढं जुळलं पाहिजे. सांभाळा: इंटरनेटवर 'ओरिजिनल' असं लिहिलेलं असतं आणि आत आवाज भलत्याचाच निघतो. खात्री होत नसेल तर ते ध्वनिमुद्रण बाजूला ठेवा, दुसरं शोधा.

३. तिन्ही ऑफलाइन उतरवून घ्या. सांभाळा: तान ऐन रंगात आली असताना जाहिरात घुसली किंवा लाईट जाऊन वायफाय बंद पडलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

४. त्यांना अ, ब, क अशी नावं द्या. वसंतराव अ, चित्रपट ब, मैफल क. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा आणि आतल्या पानांवर फक्त अक्षरंच वापरा. सांभाळा: प्रत्येक ओळीत मोठं नाव लिहीत बसलात, तर त्या नावाचा दबदबा तुमच्या पेन्सिलीवर येतो.

५. फोनमधलं इक्वलायझर बंद करा. 'बास बूस्ट', 'कॉन्सर्ट हॉल' असलं जे काही चालू असेल ते काढून टाका. सांभाळा: संगीत वाजवणाऱ्या ॲपमध्ये आणि फोनच्या सेटिंगमध्ये अशा दोन्ही ठिकाणी बघा. एक बंद केलं तरी दुसरं चालूच राहतं.

६. 'मोनो ऑडिओ' चालू करा. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत हा पर्याय सापडेल. जुनी ध्वनिमुद्रणं बहुधा मोनो असतात, चित्रपटाचं दोन्ही कानांत पसरलेलं असतं. सांभाळा: ही पायरी गाळलीत तर चित्रपटाचं गाणं नुसत्या पसाऱ्यामुळे भव्य वाटेल आणि त्याचं श्रेय तुम्ही गळ्याला द्याल.

७. बसायची जागा आणि वेळ ठरवा. उन्हाळा असेल तर पहाटे बसा, कारण दुपारी कूलरशिवाय खोलीत थांबवणार नाही आणि कूलरसमोर तानपुरा ऐकू येणार नाही. सांभाळा: वर्धा जंक्शनच्या जवळ राहत असाल तर मालगाड्यांच्या शिट्ट्या धराव्याच लागतील. शिट्टी आली की थांबवा, दहा सेकंद मागे जा, पुन्हा ऐका.

८. तिन्हींसाठी एकच हेडफोन लावा. सांभाळा: एक गाणं हेडफोनवर आणि दुसरं टीव्हीच्या स्पीकरवर ऐकलंत, तर तुलना गायकांची न होता यंत्रांची होते.

९. आवाजाची पातळी जुळवा. तिन्हींत मुखडा पहिल्यांदा येतो ती जागा लावा आणि गळा सारखाच मोठा वाटेपर्यंत आवाज वर-खाली करा. फोनवर किती रेघा आल्या ते वहीत लिहा: अ साठी अमुक, ब साठी तमुक. सांभाळा: सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. जे थोडं मोठं वाजतं ते कानाला 'चांगलं' वाटतं, मग गायक कोणी का असेना.

१०. प्रत्येकाची पट्टी शोधा. गाणं चालू ठेवून तानपुऱ्याचं ॲप हळूच लावा आणि सा जुळेपर्यंत पट्टी बदलत जा. पुरुष गायकांच्या बाबतीत पांढरी एक ते काळी दोन एवढ्यात बहुधा सापडते. सांभाळा: सा दोन सुरांच्या मध्येच लोंबकळत असेल, तर ते ध्वनिमुद्रण कॅसेटवरून चुकीच्या वेगानं उतरवलेलं असू शकतं. टेप सहा टक्के जास्त वेगानं फिरली की सूर अर्धा स्वर चढतो आणि सहा मिनिटांचं गाणं वीस सेकंद आधीच संपतं. अशा प्रतीवरून लयीबद्दल काही लिहू नका.

११. वहीच्या जोडपानावर चार रकाने आखा: जागा, अ, ब, क. सांभाळा: रकाने ऐसपैस ठेवा. अरुंद रकान्यात माणूस 'छान' एवढंच लिहितो.

पहिला दिवस: नकाशा काढायचा

१२. अ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐका. पेन्सिल खाली. सांभाळा: सोबत गुणगुणू नका. स्वतःचा आवाज डोक्यात बसला की समोरच्याचा नीट ऐकू येत नाही.

१३. डोळ्यांपुढे काय आलं ते एका ओळीत लिहा. सूर्य डोंगराआडून हळूहळू वर आला, की दार उघडल्यासारखा एकदम समोर उभा राहिला? सांभाळा: बरोबर-चूक शोधू नका. ही ओळ तिसऱ्या दिवशी उपयोगी पडेल.

१४. अ दुसऱ्यांदा ऐका आणि ठळक जागांची वेळ टिपा. वाद्यांची सुरुवात, मुखडा, मुखड्यावर पहिल्यांदा परत येणं, अंतऱ्याची सुरुवात, पहिली मोठी तान, शेवट. प्रत्येकासमोर मिनिट आणि सेकंद लिहा. सांभाळा: एखादी जागा हुकली तर मागे जाऊ नका, रिकामी सोडा. पुढच्या वेळी भरता येईल.

१५. तालाची आवर्तनं मोजा. तबल्यावर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडली की मांडीवर हात ठेवा आणि पुढच्या समेपर्यंत मात्रा मोजा. सलग तीन आवर्तनांत तोच आकडा आला की तो पक्का. सांभाळा: शब्दांवर मोजू नका, ठेक्यावर मोजा. गायक शब्द मुद्दाम मागे-पुढे टाकतो, तबलजी आपली जागा सोडत नाही.

१६. एका आवर्तनाला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. सुरुवातीला एकदा आणि शेवटाकडे एकदा. सांभाळा: एकाच आवर्तनावर भरवसा ठेवू नका. चार आवर्तनांची वेळ घ्या आणि चारानं भागा.

१७. ब चा असाच नकाशा काढा. पायरी १२ पासून १६ पर्यंत, त्याच क्रमानं. सांभाळा: चित्रपटाचं गाणं ऐकताना पडद्यावरचे चेहरे आठवतात. डोळे मिटून चालत नसेल तर समोरच्या भिंतीकडे बघा.

१८. क चा नकाशा काढा. मैफलीत आलाप जास्त, ताना जास्त, मुखड्याकडे परतणंही जास्त. रकाना अपुरा पडला तर खाली वाढवा. सांभाळा: लांबलं म्हणजे जास्त रंगलं असं धरू नका आणि 'मूळ पदात हे नव्हतं' म्हणून नाकही मुरडू नका. मैफलीत जागा मोकळी असते, एवढंच.

१९. तिन्हींत असलेल्या पाच जागांवर खूण करा: मुखडा, समेवर येणं, अंतऱ्याची सुरुवात, एक तान, शेवट. उद्या फक्त याच ऐकायच्या. सांभाळा: जी जागा एकातच आहे ती कितीही आवडली तरी आज सोडा. तिला जोडीदार नाही.

दुसरा दिवस: शेजारी शेजारी

२०. आवाजाची पातळी पुन्हा जुळवा. काल लिहिलेल्या रेघा लावा आणि मुखड्यावर एकदा तपासा. सांभाळा: रात्री घरातल्या कोणीतरी फोन घेतलेला असतोच.

२१. तिन्हींचा मुखडा ओळीनं ऐका, प्रत्येकी वीस सेकंद. अ, ब, क. मग पुन्हा अ, ब, क. सांभाळा: 'थोडं पुढचं ऐकतो' म्हणत राहिलात की पहिला मुखडा विसरलात. विसाव्या सेकंदाला थांबवाच.

२२. मुखड्यासमोर क्रियापदं लिहा. सूर उचलला, घासला, सोडला, तोलून धरला, टाकला, ओढला. सांभाळा: 'अप्रतिम', 'दैवी', 'क्या बात है' या शब्दांना या वहीत बंदी आहे. तोंडानं हवं तितकं म्हणा, कागदावर मात्र त्यानं काय केलं तेच लिहा.

२३. आता फक्त शब्दांचे उच्चार ऐका. महाप्राण अक्षरं, जोडाक्षरं आणि ओळीच्या शेवटचं अक्षर यांवर कान ठेवा. कोण अक्षर फोडतो, कोण सुरात विरघळवतो ते टिपा. सांभाळा: हे पद नाटकात खाँसाहेब या गायक पात्राच्या तोंडी आहे. त्यामुळे उच्चाराला वेगळा डौल आला तर त्याला दोष म्हणून लिहू नका.

२४. तिन्हींचं समेवर येणं ऐका. समेच्या आधीच्या दोन-तीन मात्रांवर लक्ष ठेवा. गायक थेट उतरतो, की रेंगाळून शेवटच्या क्षणी झडप घालतो? सांभाळा: मैफलीत समेवर दाद येते आणि तिच्या आवाजात सम मोठी वाटते. टाळ्या वजा करून ऐका.

२५. अंतऱ्याची सुरुवात ऐका. आवाज वर चढताना जाड राहतो, की बारीक होतो? वरचा सा लागल्यावर तो स्थिर धरतो, की लगेच खाली येतो? सांभाळा: चढताना तुमचाही श्वास अडकेल. तसं झालं तर रकान्यात एक चांदणी काढा, त्याचीही नोंद हवी.

२६. एक तान निवडून तिन्हींत ऐका. ती कुठून निघाली, कुठे वळली आणि कुठे टेकली, एवढंच बघा. जमलं तर बोटानं हवेत तिची रेघ काढा आणि मग तीच रेघ वहीत उमटवा. सांभाळा: वेगाला भुलू नका. सगळ्यात वेगवान तान आणि सगळ्यात स्पष्ट तान या बहुतेकदा दोन वेगळ्या ताना असतात.

२७. गळा सोडून फक्त साथ ऐका. कोणकोणती वाद्यं आहेत, ती गायकाच्या मागून येतात की बरोबर चालतात, आणि गायक थांबतो तेव्हा ती जागा कोण भरतं ते लिहा. सांभाळा: चित्रपटातला वाद्यमेळ मोठा आहे. 'गाणं मोठं झालं' आणि 'गायक मोठा गायला' या दोन वेगळ्या ओळी करा.

२८. तिन्हींचे शेवटचे तीस सेकंद ऐका. तिहाई आहे का, लय चढते का, शेवटचा सूर किती वेळ घुमतो? सांभाळा: संपताच 'थांबवा' दाबू नका. सुराचा पिसारा मिटेपर्यंत थांबा, नाहीतर जुन्या ध्वनिमुद्रणावर अन्याय होईल.

तिसरा दिवस: परीक्षा कानाची

२९. क्रम उलटा करा: क, ब, अ. मुखडा आणि तान एवढंच. सांभाळा: कालच्या नोंदी आधी वाचू नका. दोन्ही दिवशी तेच लिहिलं गेलं तर नोंद पक्की, नाहीतर ती ऐकण्याच्या क्रमाची करामत होती.

३०. घरातल्या माणसाला बोलवा आणि हेडफोन लावून पाठ फिरवून बसा. त्यांनी तिन्हींतल्या दहा-दहा सेकंदांच्या जागा मनाला येईल त्या क्रमानं वाजवायच्या, तुम्ही अ, ब की क ते ओळखायचं. सांभाळा: ध्वनिमुद्रणाच्या खरखरीवरून किंवा वाद्यांवरून ओळखलंत तर गुण नाही. गळ्यावरून कसं ओळखलं ते त्यांना सांगता आलं पाहिजे.

३१. कुठे फसलात तिथे गोल करा. आजोबा आणि नातू जिथे अदलाबदल झाले, ती जागा सोन्याची समजा. सांभाळा: ओशाळून गोल खोडू नका. घराण्यातून काय चालत आलं ते शोधायचं तर सुरुवात त्या गोलापासूनच होते.

३२. सगळ्यात आवडलेलं एक ध्वनिमुद्रण सूर्योदयाला ऐका. गच्ची चालेल, किंवा पवनारला धाम नदीच्या काठी जा. सांभाळा: वेळ आधी बघा. मेअखेरीला सूर्य साडेपाचच्या सुमारास येतो, जानेवारीत पावणेसातच्या पुढे. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी बरोबर घ्या, कारण आठ वाजता हाच तेजोनिधी डोक्यावर बसतो.

३३. पहिल्या दिवशी लिहिलेल्या तीन ओळी काढा आणि आजच्या नोंदींशेजारी ठेवा. सांभाळा: दोन्ही सारख्याच आल्या तर एकदा शंका घ्या. तुम्ही पदच ऐकलं, की आधीचं मत पुन्हा ऐकलं?

३४. आता निकाल लिहा. पण 'पहिला नंबर' असा नाही. तिन्हींसाठी एकेक वाक्य, असं: 'क्षितिजावर उजाडताना बघायचं असेल तर ___, सूर्य डोक्यावर तळपताना हवा असेल तर ___, कोणी समोर बसून दाखवत असल्यासारखा हवा असेल तर ___.' गाळलेल्या जागा भरा. सांभाळा: एकाच अक्षरानं तिन्ही भरल्या असतील तर पायरी २१ वर परत जा.

पुढची मजल

३५. हे पद किंवा हा राग प्रत्यक्ष ऐका. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. वसंतरावांच्या स्मरणार्थ दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरात संगीत समारोह भरवतं. त्याच्या तारखांवर लक्ष ठेवा. सांभाळा: परतीची गाडी तिकीट काढायच्या आधी बघा, कारण रात्रीची मैफल घड्याळ बघून संपत नाही. आणि फोन खिशात ठेवा. मोबाइलवर टिपलेलं गाणं नंतर कोणी ऐकत नाही, पण समोरचं हातून जातं.

३६. हीच वही घेऊन साता समुद्रापलीकडचा सूर्योदय ऐका. रिचर्ड स्ट्राउसच्या 'ऑल्सो स्प्राख झरथुष्ट्र' या १८९६ सालच्या वाद्यवृंद रचनेची सुरुवात सूर्योदयानंच होते. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचं लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबरचं १९६८ चं ध्वनिमुद्रण आणि फ्रिट्झ रायनर यांचं शिकागो सिंफनीबरोबरचं १९५४ चं, एवढी दोन पुरेत. कर्णे तीन सूर घेऊन वर चढतात, ढोल कडाडतात आणि सगळा वाद्यवृंद उघडतो, तिथपर्यंतच ऐका. सांभाळा: सगळ्याच्या खाली ऑर्गनचा एक अतिखर्ज सूर धरलेला असतो. फोनच्या स्पीकरवर तो उमटतच नाही, म्हणून हेडफोन हवाच.

अडलं तर

• तिन्ही सारखीच वाटत असतील: फार लांबचे तुकडे ऐकताय. वीस सेकंदांचे दहा करा.
• सगळंच वेगळं वाटत असेल: पातळी जुळलेली नाही. पायरी ९ पुन्हा करा.
• कान थकले असतील: थांबा. चहा घ्या, बाहेर चक्कर मारा. पाऊण तासाच्या पुढे लिहिलेल्या नोंदी बहुधा दुसऱ्या दिवशी खोडाव्या लागतात.
• घरातले म्हणत असतील 'तेच तेच काय लावलंय': हेडफोन त्यांच्या कानाला द्या, मुखडा अ आणि ब ऐकवा आणि विचारा, कोणता सूर्य तुमचा? उत्तर आलं की वहीत पाचवा रकाना आखा. तुम्हाला जोडीदार मिळाला.

सगळं झालं? मग पानावर तारीख टाका आणि नवं पान उघडून वर लिहा: 'घेई छंद मकरंद'. तेही 'कट्यार'मधलंच आणि नाटकातच ते दोन वेगळ्या चालींत येतं. म्हणजे या वेळी दुसरं ध्वनिमुद्रण शोधायच्या आधीच तुमचे दोन रकाने भरायला तयार आहेत.